पाच पांढरे दगड

हळ्ळीखेड (बी), २२ सप्टेंबर २०२४

व्यंकट,

थोरल्या बहिणीनं पत्रात आधी आशीर्वाद लिहायचा असतो. तेवढी जागा वर रिकामी सोडली हाय. पुढं मन झालं तर भरीन.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास. मायच्या फोनवरनं लावले तर माझा आवाज ऐकला की "अक्का, रेंज न्हाई" म्हणून ठेवतोस. अख्ख्या झांबियाला लाईट देणाऱ्या माणसाला रेंज न्हाई! म्हणून कागद घेतले. हुमनाबादच्या टपालातल्या बाईनं पत्ता बघून इचारलं, "झांबिया कुठं आलं हो, बसवकल्याणच्या पलीकडं का?" म्हणले, व्हय बाई, लई पलीकडं. तिथं गेलेल्या माणसाला आपलं शिवार बी दिसत न्हाई.

भांडायला लिहीत न्हाई. भांडण शेताला सोलारची तार लागली त्या दिवशी झालं, तेवढं बास. आता एकच काम हाय. यंदा येळवस, मार्गशीर्षाची अवस, डिसेंबरच्या तीस तारखेला आली. त्या दिवशी सोलारचं गेट उघडायला लाव. मायला आत आपल्या शेतात जाऊन पांडवाचे पाच दगड पुजू दे. तुझ्या एका फोनचं काम हाय. इथला मॅनेजर तुझ्याच कंपनीचा आणि तू त्याच्याहून मोठा सायब, हे तूच मायला सांगितलास. ती ते गावभर सांगत फिरली.

शिवरात्रीनंतर मारुतीच्या देवळात बैठक झाली ती आठवती का? भिंतीला धोतर बांधून त्याच्यावर तुझं तोंड दाखवले. डोक्याला निळी टोपी, मागं लाल माती. तू म्हणलास, "इथं पाऊस न्हाई, धरण आटलंय, सगळा देश अंधारात बसलाय. मी इथं सूर्यावर लाईट करायलोय. मग माझ्या गावात कामून व्हऊ न्हाई?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय रडली. तवा म्हातारा बसवप्रभु मागनं म्हणला, "लाईट व्हईल रे, पर येळवशीला पांडव कुठं पुजायचे?" तू हसलास. म्हणलास, "पांडवाची जागा सोडणार. मी सोता नकाशा बघितलो. दगड हलवू नका, फकस्त चुना लावून ठेवा, म्हणजे सर्व्हेवाल्याला लांबनं दिसतील."

बाकीचे शहाणे निघाले. ज्यांना दुसरीकडं शेत व्हतं ते गुपचूप आपले दगड उचलून तिकडं घेऊन गेले. आपल्याला दुसरं शेत न्हाई, आणि माय तर म्हणली, माझ्या लेकानं सांगितलंय, न हलवता चुना लाव. दोन हात लावली. पांढरे फेक झालते पाचही दगड, देवळातनं दिसायचे.

आता तारेतनं आत बघावं तर काळ्या काचाच काचा. दगड दिसत न्हाईत. माय म्हणती, काचांखाली सावलीला असतील, बरं झालं, उन्हाचं टाळलं.

गेटवर हावगेप्पा हाय. त्याचंच शेत आत आणि त्यालाच शिट्टी देऊन राखायला उभा केलेत. तो म्हणतो, "वरनं फोन आला की मी दातानं कुलूप उघडतो." वर म्हणजे तू. एक फोन कर.

शिवकन्या


१५ ऑक्टोबर २०२४

व्यंकट,

तुझा फोन आला मायला. पायाचं इचारलास, गोळ्याचं इचारलास, म्हशीचं बी इचारलास. तिनं येळवशीचं नाव काढलं की तुझी लाईन कट. कसली लाईन हाय रे तुमची, देवाचं नाव घेतलं की फ्यूज उडतोय?

दसऱ्याला तुझा गुरुबसव सुट्टीवर आला. हुमनाबादहून मुद्दाम मायला भेटायला आला, तू पाठवलेलं रंगीत कापड घेऊन. तुझ्या हाताखाली तारा जोडतो, तरी तुझ्याविषयी चांगलं बोलतो. मोठा गुणी पोरगा हाय. मायनं त्याला जेवू घातलं आणि तू तिकडं काय करतोस ते खोदून खोदून इचारलं.

तो म्हणला, तिथलं सगळं त्या एका धरणावर चालायचं. धरणाचं पाणी खाली गेलं की देशाची लाईट गेली. शहरात दिवसातनं तीन तास लाईट. न्हावी जनरेटर लावून दाढी करतो, बाया डोक्यावर कोळशाची पोती घेऊन रस्त्यानं फिरतात. आणि तुम्ही माळावर काचा मांडल्या, त्याची तार लोकांच्या डोक्यावरनं तांब्याच्या खाणीला जाती. तारेखालच्या गावात चुलीवर कोळसाच. मायनं इचारलं, "मग माझ्या लेकानं लाईट दिली कुणाला?" गुरुबसव म्हणला, "अम्मा, व्यंकटसर म्हणतात, आधी खाणीला, मग शहराला, उरली तर गावाला." माय म्हणली, "मग तिथंबी हळ्ळीखेडच हाय म्हणा की." बरोबर बोलली. आपल्या माळावरची लाईट मोठ्या तारेनं कुठं जाती ते आपल्याला कळत न्हाई, आणि माय ज्वारीचं डबडं घेऊन गिरणीपुढं लाईट यायची वाट बघत बसती.

मग त्यानं तो फोटो दाखवला.

व्यंकट, मी तो फोटो लई वेळ बघितले. काळ्या काचांच्या रांगा, आणि मधी बैलगाडी फिरंल एवढी जागा मोकळी सोडलेली. त्या जागेत गवताची कोप, लहान झोपडीगत. आपली येळवशीची कडब्याची कोप असती, तशीच हुबेहूब. कोपीपुढं एक म्हातारी आणि तिच्याशेजारी तू, हेल्मेट काढून हातात धरलेलं. कंपनीनं तो फोटो आपल्या पुस्तकात छापलाय म्हणं. खाली लिहिलंय, स्थानिकांच्या श्रद्धेचा मान.

गुरुबसवनं सगळं सांगितलं. ती त्यांची पावसाची जागा. तिथं ते घरची दारू वाहतात आणि पाऊस मागतात. खांब ठोकायची मशीन आली त्या दिवशी ती म्हातारी मशीनपुढं येऊन बसली. मागनं बाकीच्या बाया आल्या. भांडी-कुंडी, लेकरं, सगळं घेऊन बसल्या आणि गाणी म्हणायला लागल्या. तू जीपमधनं उतरलास. त्यांच्यात मातीत बसलास. त्यांनी दिलेलं प्यालास. आणि सगळी रांग नव्यानं काढायला लावलास. कंपनीच्या मोठ्या सायबाशी भांडलास म्हणं त्यापायी.

खोटं कामून बोलू, ऐकून आधी मला बरं वाटलं. म्हणले, आपला व्यंकट असाच हाय. लहानपणी मुंग्याच्या वारुळाला वळसा घालून जायचा.

मग रात्री भाकर ताटात तशीच ठेवून उठले. परक्याच्या देवाला वाट सोडलास, आणि मायच्या पांडवापर्यंत जायला गेट उघडायचा एक फोन तुला व्हईना? तिथं सायबाशी भांडलास, इथं तूच सायब हाईस की!

लई इचार केले तवा कळलं. तिथं इंजिनियर परका व्हता, म्हणून बाया मशीनपुढं बसल्या. इथं इंजिनियर आमचा व्हता, म्हणून आम्ही घरी बसलो. त्या म्हातारीनं तुझ्यावर इश्वास ठेवला न्हाई. शहाणी बाई.

मायला फोटो दाखवले. ती एवढंच म्हणली, "वाळलाय गं. आणि ती बाई कोण? तिचे पाय माझ्यासारखेच सुजल्यात."

फोन कर.

शिवकन्या


२४ नोव्हेंबर २०२४

व्यंकट,

हे पत्र टपालानं वेळेवर पोचायचं न्हाई, म्हणून पानांचे फोटो काढून गुरुबसवला पाठवायलेय. तो तुझ्या हातात फोन देईल. चारचौघांत वाचून दाखवू नको म्हणून सांगितलंय त्याला. तेवढी तुझी लाज मी अजून राखते.

मी सोलारमधी कामाला लागले. काचा धुवायला बाया घेतात, ते तुला ठावं असंलच. सकाळी ऊन चढायच्या आत टँकरचं पाणी मारायचं आणि लांब दांड्याच्या फडक्यानं पुसायचं. अप्पानं ज्या माळाला कधी विहिरीचं पाणी पुरू दिलं न्हाई, तिथं आता काचेला टँकर. अप्पा असते तर फडकं हिसकावून घेतले असते. मी गप पुसते. मला आत जायचं व्हतं, दगड बघायचे व्हते. गावात लोक म्हणले, राघोबाची लेक आपल्याच शेतात रोजानं. म्हणू देत.

पहिल्या दिवशी वाकून वाकून सगळ्या काचांखाली बघितले. कुसळं, पाण्याच्या बाटल्या, एक मेलेला सरडा. दगड न्हाईत. मग डोकं चालवले. आपल्या विहिरीच्या काठावर उभं राहून मारुतीच्या कळसाकडं सरळ बघितलं की मधी पांडव येतात, हे अप्पानं आपल्याला दोघांनाबी दाखवलं व्हतं. विहीर बुजवली, पर काठाचा एक दगड अजून वर हाय. त्याच्यावर उभी राहिले. कळस बघितले. मधी तुमची कंट्रोल रूम.

सिमेंटची खोली. लोखंडी दार, दारावर कवटीचं चित्र. आतनं मधमाश्यांचं मोहोळ असल्यागत आवाज. मायच्या पांडवाच्या जागी कवटी टांगलाव व्यंकट तुम्ही.

हावगेप्पाला धरले. तो शिट्टी तोंडात घालून दुसरीकडं बघायला लागला. म्हणले, हावगेप्पा, तुझ्या लगीनात मी मांडवाला पानं बांधली हाईत, बोल. मग रडला तो. म्हणला, "अक्का, चुन्यानं घात केला."

सर्व्हेचा पोरगा कुठला तरी लांबचा. त्याला ना कन्नड, ना मराठी. माळाच्या मधोमध, सपाट जागेवर, ओळीत पाच पांढरे दगड. त्याला वाटलं, आधीच्या लोकांनी खोलीसाठी खूण करून ठेवली. जेसीबी बोलावला. हावगेप्पा धावत गेला, म्हणला, "सायब, ते देव हाईत." मॅनेजर चांगला निघाला म्हणायचा, त्यानं काम थांबवलं. दगडाचा फोटो काढून तुला पाठवला. तुला फोन लावला. हावगेप्पासमोर, आवाज मोठा करून.

तू काय म्हणलास ते हावगेप्पाला पाठ हाय. "मार्किंग असंल. चालू करा. मी मीटिंगमधी हाय."

हावगेप्पा परत म्हणला, सायब, देव हाईत. तर मॅनेजर म्हणला, "त्या घरचाच माणूस सांगतोय ना? तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतंय का?" जेसीबीनं एकाच घासात पाचही उचलले आणि पायाच्या खडीत टाकले.

आता मला सांग. तू विसरलास? देवळात अख्ख्या गावाला चुना लावा म्हणून तूच सांगितलास, आणि चुना लावलेले दगड फोटोत बघून तुला ते आपले वाटले न्हाईत? दर येळवशीला त्याच दगडापुढं माय तुझ्या हातात बाजरीच्या पिठाचा पहिला उंडा द्यायची. का ओळखलास, आणि मीटिंग मोडू न्हाई म्हणून बोललास? दोन्हीतलं कुठलं सांगितलास तरी मला ते गोड लागायचं न्हाई. पर एक कळलं, माझा नंबर कामून बंद केलास ते. तुला नंतर उमगलं. तार लागायच्या आधीच उमगलं असंल. गेटसाठी फोन कामून करत न्हाईस तेबी कळलं. गेट उघडून माय आत गेली तर बघणार काय?

आता गेटची भीक मागत न्हाई. आता दुसरं सांगते. येळवशीच्या आधी मायला तू सांग. तुझ्या तोंडानं. मी सांगणार न्हाई. तू तिकडं जावं म्हणून मी इथं राहिले, तिची दुखणी काढले, अप्पाला खांदा द्यायला तू न्हवतास तवा चुलत्याच्या पाया पडले. सगळं तुझ्या वाटणीचं केले. हे करणार न्हाई.

ती बाजरी निवडायलीय उंड्यासाठी. माझ्या पाठीमागंच बसलीय. इचारायलीय, व्यंकटला लिहायलीस का? म्हणले, व्हय. म्हणती, गेटचं आठवण कर.

शिवकन्या


२२ डिसेंबर २०२४

गुरुबसव म्हणला, तू वाचलास. फोन त्याला परत दिलास आणि साईटवर निघून गेलास. जेवलास न्हाई म्हणला. बरं झालं. एक दिवस उपाशी राहून कुणी मरत न्हाई.

आज रविवार. मायला फोन केलास. मी दारात उभी व्हते. आता सांगतोस, मग सांगतोस, म्हणून कान देऊन. तू म्हणलास, तिकडं पाऊस पडायला लागला, धरणात पाणी यायलंय. माय म्हणली, त्या बाईच्या देवानं ऐकलं म्हणायचं. मग म्हणलास, ठेवतो.

मला वाटलं व्हतं तू भित्रा हाईस. तू भित्रा बी न्हाईस, भित्रा माणूस निदान पळून जातो. तू दर रविवारी फोन करतोस.


५ जानेवारी २०२५

व्यंकट,

येळवस झाली. तुला सगळं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार न्हाई.

आदल्या दिवशी भज्जीसाठी पालेभाज्या, शेंगा निवडल्या, आंबील घातली, उंडे वळले. मायला काई कळू न्हाई म्हणून मी दर वर्षीगत सगळं करत व्हते. पहाटे उठून चुना भिजवायला घेतले. वाटीत खडे टाकले, पाणी ओतले. माय चुलीपुढं व्हती. मागं न बघता म्हणली, "चुना कशाला भिजवतीस? दगड कुठं हाईत?"

मी वाटी खाली ठेवले.

तिला ठावं व्हतं. कवापासनं ते सांगितली न्हाई. मी इचारले, हावगेप्पा बोलला का? म्हणली, "कुणी कशाला बोलंल? माझा लेक आजवर कवा पायाचं इचारला न्हाई, एकाएकी दर रविवारी पायाचं इचारायला लागला. तवाच समजले, ह्यानं काई तरी मोडलंय." आणि मला म्हणली, "तू बी तोंडावर हात ठेवून फिरायलीस. दोघं मिळून मला खुळी समजलाव व्हय?"

मी मांडीवर डोकं ठेवून रडले. ती रडली न्हाई. म्हणली, ऊठ, भज्जी करपंल.

मग मातीची बिंदगं घेतली. आंबिलाच्या बिंदग्याला तू पाठवलेलं रंगीत कापड गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि निघाली. मी म्हणले, माय, गेट बंद असंल. म्हणली, असू दे. रस्त्यानं दोन-चार घरच्या बाया बरोबर आल्या, त्यांचे दगड दुसऱ्या शेतात व्हते तरी आल्या. हावगेप्पानं लांबनंच बघितलं. खिशातनं किल्ली काढली, शिट्टी काढून खांबाला अडकवली आणि गेट सताड उघडलं. वरनं फोन आला न्हाई, तरी उघडलं. तुला मुद्दाम सांगते.

माय काचांच्या मधनं सरळ चालत गेली. तिनं विहीर बघितली न्हाई की कळस बघितला न्हाई. कंट्रोल रूमच्या भिंतीपुढं थांबली. भिंतीला हात लावून उभी राहिली. आतनं तो आवाज चालूच. म्हणली, "गरम हाय गं भिंत." तिथंच खाली बसली, भिंतीच्या बुडाला आंबील वाहिली, उंडा ठेवली, भज्जी ठेवली. पहिला उंडा दर वर्षीगत बाजूला काढली. तुझा. मग तांब्यात आंबील घेतली, ज्वारीचं कणीस बुडवली आणि खोलीभोवती शिंपडत फिरली. ही येळवशीची हाळी दर साली अप्पा द्यायचे, मग तू द्यायचास. यंदा म्हातारीच ओरडली, "वलगे वलगे सालम पलगे!" आवाज चिरकला. मागनं हावगेप्पा ओरडला. मग आम्ही सगळ्याच.

मॅनेजर पळत आला. मला वाटलं हाकलतो. तो बिचारा चप्पल काढून उभा राहिला. मग फोन काढला आणि फोटो घेतला.

तो फोटो तुमच्या कंपनीनं लावलाय. गुरुबसवनं फोनवर पाठवला. माय, भिंत, कवटीचं चित्र, कणीस. खाली तेच लिहिलंय, स्थानिकांच्या श्रद्धेचा मान. आणि खाली ज्यांना आवडलं त्यांची नावं. त्यात तुझं बी हाय.

अंगठा दाखवलास व्यंकट. मायच्या फोटोला अंगठा दाखवलास. तुझ्याकडनं फोन झाला न्हाई, सांगणं झालं न्हाई, येणं तर लांबच. अंगठा तेवढा झाला.

मी हे पत्र इथंच संपवणार व्हते. तू येऊ नको, फोन करू नको, असंच लिहिणार व्हते. पर मायचा एक निरोप हाय. फोनवर तिला बोलवत न्हाई म्हणती, तू कट करशील म्हणून न्हाई, तू रडशील म्हणून. अजून तिला तुझंच पडलंय. ती म्हणती, इथले पांडव तर गेले. पर तिकडं तू एका देवाची जागा राखलास, ते बरं केलास. त्या म्हातारीच्या कोपीपुढं पुढल्या येळवशीला आंबील वाहा. गुरुबसव पुढल्या सुट्टीला आला की ज्वारीचं पीठ त्याच्याजवळ देतेय, ताक तिथं मिळंल, लसूण ठेचून घाल, आदल्या रात्री आंबव. त्या बाईला आधी इचार, तिची परवानगी घे. तिला सांग, माझ्या मायचे पाय बी तुझ्यासारखेच सुजल्यात. तुझा बाजूला काढलेला उंडा तिनं वाळवून डब्यात ठेवलाय, तोबी पाठवायलीय. मी म्हणले, किडंल. म्हणली, किडू दे.

हे सगळं तिचं झालं. माझं एवढंच हाय. वाहा जाऊन आंबील, मायनं सांगितलंय म्हणून. तिथं कोपीत दगड असतील तर असतील तसेच राहू दे. त्यांना चुना मात्र लावू नको.

शिवकन्या